झोपेत गेलेल्यांचा तुलनागट

२ फेब्रुवारी, सोमवार

ताईचं म्हणणं, बोलत नाहीस तर निदान लिही. ही वही तिनेच आणून दिली. मुखपृष्ठावर सूर्यफूल आहे आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार. ताईच्या मते दुःख सर्दीसारखं असतं, वाफ घेतली की मोकळं होतं. मी तिला सांगितलं की मला सर्दी झालेली नाही. आई ऑक्टोबरमध्ये गेली. झोपेत गेली. ताई सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत गेली, तर आई उठली नाही. भेटायला आलेला प्रत्येक जण 'किती छान मरण' म्हणून गेला, जणू आईने एखादी परीक्षा पहिल्या वर्गात पास केली होती. यात लिहिण्यासारखं काही नाही. तेव्हा कामाबद्दल लिहीन.

काम असं: मेलेल्या माणसांच्या मेंदूचे गोठवलेले तुकडे येतात आणि त्यांत कोणती जनुकं किती चालू होती ते मी मोजते. माणूस मेला की सगळं एकदम बंद पडतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. पेशींना कोणी कळवायला जात नाही. साहेब गेल्याची खबर न मिळालेल्या कारकुनांसारख्या काही पेशी तासन्‌तास काम करत बसतात. मी त्या कारकुनांची हजेरी घेते.

आमच्याकडे दोन गट आहेत. रुग्णगट म्हणजे विस्मरणाच्या आजाराने गेलेले. तुलनागट म्हणजे धडधाकट असताना अचानक गेलेले. दोन्ही गटांत वेगळं वागणारं जनुक शोधायचं. आमच्या प्रमुखांना ते सापडलं आहे. प्रमुखांना मी तोंडावर सर म्हणते आणि मनात भोंगा. जनुक सापडण्याच्या बरंच आधीपासून ते वाजत होते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बैठक. भोंगा उभा राहून बोलला. बसून बोलण्याइतका लहान विषय त्याच्याकडे कधीच नसतो.

"हे जनुक रुग्णांत चढलेलं आहे, निरोगी माणसांत उतरलेलं आहे. दिवस आणि रात्र! यापेक्षा स्पष्ट काय हवं?"

मी म्हटलं, "सर, आपले रुग्ण अंथरुणात हळूहळू गेलेत. तुलनागटातले सगळे अचानक. हे जनुक विसरण्यामुळे चढलंय की मरायला वेळ लागल्यामुळे?"

"आपण तेही बघू," भोंगा म्हणाला. म्हणजे बघणार नाही.

समोर बसलेला आलेखवाला माझ्याकडे बघून हसला. तो आमचे आकडे घेऊन त्यांचे आलेख काढतो आणि त्याला रंगांची हौस आहे. बाहेर आल्यावर म्हणाला, "कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस? पेपरवर पहिलं नाव तुझंच आहे. छापून आला की तू कायम."

हे खरं आहे. पेपर छापला गेला की माझी हंगामी नोकरी कायम होईल. नाही छापला गेला तर जूनमध्ये करार संपतो. तरी प्रश्न प्रश्नच राहतो. जीव जायला वेळ लागला तर मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो, ताप चढतो, ऊती आंबट होते आणि काही जनुकं धावपळ करू लागतात. ही धावपळ कशाची आहे हे न विचारता तिला आजाराचं नाव देणं म्हणजे आग विझवायला आलेल्या बंबाला आग लावणारा ठरवणं.

नमुने गोठलेले ठेवायचा ड्राय आइस आजही गरजेच्या दुप्पट आला. भोंग्याने कधीतरी मागणी चुकवली, ती दुरुस्त करायला त्याच्या सहीचा कागद लागतो आणि भोंगा सही करताना वाचत नाही. दर आठवड्याला अर्धी पेटी आम्ही मोरीत सोडून देतो. धूर छान निघतो. आलेखवाला त्याचे फोटो काढतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुसऱ्या केंद्राकडून अदलाबदलीची पेटी आली. एकमेकांची मोजमापं पडताळायला दोन्ही केंद्रं आपापल्या नमुन्यांतले छोटे तुकडे नवे नंबर घालून एकमेकांना पाठवतात. कोणाचा तुकडा ते मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा नियम. मला एवढंच कळतं: बाई की पुरुष, वय साधारण किती, विस्मरण होतं की नाही आणि मरण अचानक की सावकाश. शेवटच्या गोष्टीची खूण साधी आहे. अचानक असेल तर शून्य, सावकाश असेल तर एक.

सगळे नमुने वेळेत चालवले. एक सोडून सगळे शिस्तीत आहेत. नंबर एक्केचाळीस: बाई, साठीच्या पुढची, निरोगी, अचानक, शून्य. आणि भोंग्याचं लाडकं जनुक तिच्यात रुग्णांपेक्षाही चढलेलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

एक्केचाळीस पुन्हा मोजलं. तेच आलं. आम्लताही तपासली. ऊती आंबट आहे. तापाने जागी होणारी जनुकं जागी, ऑक्सिजनची उपासमार झाली की ओरडणारी ओरडताहेत. ही बाई अचानक गेलेली नाही. ही बराच वेळ झुंजत होती. घरच्यांनी शून्य सांगितलं आहे, आणि घरचे खोटं बोलले आहेत.

मला बरं वाटलं. कोणीतरी खोटं बोलतं आणि एक थेंब ते पकडतो, हे या कामातलं एकमेव सुख आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मऊबाईंकडे गेले. मेंदूचं दान करणाऱ्यांच्या घरी फोन करून शेवटच्या दिवसाची माहिती विचारणं हे त्यांचं काम. त्यांचा आवाज उशीसारखा आहे आणि टेबलावर रुमालांचा डबा आहे. आमच्याकडची सगळी माहिती त्यांनीच गोळा केलेली, आणि ती वाचली तर या शहरात आजवर एकही माणूस तडफडून मेलेला नाही. सगळे झोपेत, सगळे शांत, सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान. मी विचारलं, हे समाधान कुठल्या यंत्रावर मोजता.

"अगं, लोक जे सांगतात ते लिहायचं."

"आणि खोटं सांगितलं तर?"

"खोटं नसतं गं ते. सांगता येत नाही म्हणून जे सांगता येतं ते सांगतात."

"म्हणजे खोटंच."

"तू कधी कोणाला विचारलंयस, तुमची आई कशी गेली म्हणून? फोन धरून बस एक दिवस माझ्या शेजारी."

मी म्हटलं, माझ्या कामात समोरचा रडत नाही, म्हणून आकडे नीट येतात. मऊबाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, दुसऱ्या केंद्राच्या नमुन्यांची माहिती त्या केंद्राकडेच असते, तिथे लिही. लिहिलं: एक्केचाळीसच्या घरी पुन्हा विचारा, माहिती विश्वासार्ह वाटत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे जेवायला. आई शेवटची काही वर्षं तिच्याकडेच होती. आईची खोली आता भाऊजींची झाली आहे, पण भाऊजी तिथे बसत नाहीत, ते दारात खुर्ची टाकून बसतात. मी कारण विचारलं तर म्हणाले, "उजेड चांगला येतो इथे." दाराला उत्तरेचा उजेड येतो. असो.

मी कात्री शोधत होते. कपाटाच्या खणात बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र सापडलं. बॅटरी पार संपलेली, आतून गंज धरलेला. ताईला वस्तू आणायच्या आणि चालू ठेवून विसरायची सवय आहे. मी तसं म्हटलं तर तिने ते हातातून घेतलं आणि म्हणाली, "तुला कात्री हवी होती ना?"

जेवताना तिने आपणहून आईचा विषय काढला. "मी दूध घेऊन गेले सकाळी, तर अशी शांत पडली होती." मागच्या वेळी चहा होता. आज दूध झालं. ताईची स्मरणशक्ती लहानपणापासून अशीच. शाळेत तिला सनावळ्या पाठ झाल्या नाहीत.

"तुला तिची आठवण येत नाही का गं?" ती म्हणाली.

"येते की."

"मग सांग ना काहीतरी."

काय सांगायचं? आई गेली तेव्हा मी परिषदेला गेले होते, भोंग्याचं जनुक घेऊन. दुसऱ्या दिवशी माझं व्याख्यान. आदल्या संध्याकाळी आईला फोन केला. ती नेहमी लांबण लावायची. शेजारच्या कुत्र्यापासून सुरू करून माझ्या लग्नापर्यंत यायची. त्या दिवशी आटोपतं बोलली. दोन शब्द, थांबा, पुन्हा दोन शब्द. मी विचारलं, दम का लागलाय, तर म्हणाली, "जिना चढले. ठणठणीत आहे." तिचं हे कायमचं उत्तर. हाड मोडलं तरी ठणठणीत. मग म्हणाली, "भाषण नीट कर. माना डोलावणाऱ्यांकडे बघू नकोस." व्याख्यान चांगलं झालं.

यातलं काहीच मी ताईला सांगितलं नाही. ताईचं घर तळमजल्यावर आहे. बहुधा गच्चीवर गेली असेल.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भोंग्याने मला बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच ओळखलं.

"एक्केचाळीस काढून टाक. एक नमुना बिघडला तर अख्ख्या अभ्यासाला वेठीस धरायचं?"

"बिघडलेला नाही सर. दर्जा उत्तम आहे. बाकीच्यांपेक्षा चांगला."

"मग वेगळा का वागतो?"

"कारण बाकीचे अचानक गेले आणि ही बाई सावकाश गेली. हिला विस्मरण नव्हतं, तरी तुमचं जनुक चढलं. म्हणजे ते विस्मरणाचं नाही. मरणाचं आहे."

"तुझ्याकडे काय पुरावा आहे सावकाश गेल्याचा? घरचे म्हणताहेत अचानक."

"घरच्यांना पुन्हा विचारलं की कळेल. कारणाशिवाय नमुना काढता येत नाही."

"कारण शोध मग," भोंगा म्हणाला.

आता सगळं एका बाईच्या शेवटच्या दिवसावर येऊन टेकलं आहे. झोपेत गेली असेल तर पेपर, माझं नाव आणि कायमची खुर्ची. झुंजत गेली असेल तर काही नाही. आलेखवाला म्हणतो, तू जगातली पहिली माणूस असशील जी स्वतःच्या नोकरीविरुद्ध साक्षीदार गोळा करतेय. त्याच्या आलेखात एक्केचाळीस हा एकटा लाल ठिपका आहे, निळ्या गर्दीतून वर उडालेला. म्हणाला, "बघ, हात वर करून काहीतरी सांगतेय बिचारी."

ठिपक्यांना हात नसतात.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कारण सापडलं, आणि ते संतापजनक आहे. एक्केचाळीसमध्ये माझं रक्त आहे.

दर खेपेला मेंदूच्या नमुन्यांबरोबर एक ओळखीचा नमुनाही चालवतो, यंत्र बिघडलं तर कळावं म्हणून. आमच्याकडे तो म्हणजे माझं रक्त. मी वर्षातून दोनदा हात पुढे करते. शेवटी नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना हे पाहायला ओळखतपासणी होते: प्रत्येक नमुन्याची जनुकीय अक्षरं बाकी सगळ्यांशी ताडून बघायची. कोणाचं कोणाशी जुळता कामा नये. एक्केचाळीस माझ्याशी जुळतं. पूर्ण नाही, निम्मं.

म्हणजे भेसळ. कोणीतरी माझ्या रक्ताची पिपेट तशीच एक्केचाळीसमध्ये बुडवली. आणि हे 'कोणीतरी' म्हणजे मी, कारण दुसरं कोणी तिथे हात लावत नाही. आलेखवाला म्हणाला, "आपला तो बाब्या! दुसऱ्याकडून झालं असतं तर आज सोलून काढलं असतंस." मी त्याला बाहेर जायला सांगितलं. उद्या नव्या तुकड्यापासून सगळं पुन्हा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नवा तुकडा, नवी पिपेट, माझं रक्त दुसऱ्या खोलीत. उत्तर तेच.

आणि ते भेसळीसारखं दिसत नाही. भेसळ असली की अक्षरांचं प्रमाण हलतं, दुधात पाणी घातल्यासारखं, कुठे थोडं माझं आणि बाकी तिचं. इथे पाणी नाही. प्रत्येक जागी दोन अक्षरं असतात. तिच्या आणि माझ्या अक्षरांत प्रत्येक जागी निदान एक जुळतं. एकही जागा अशी नाही की जिथे काहीच जुळत नाही. बहिणी असत्या तर काही ठिकाणी दोन्ही जुळली असती, काही ठिकाणी एकही नाही. हे निदान एक, सगळीकडे, बिनचूक, फक्त एकाच नात्यात येतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात.

पण आईचा तुकडा इथे येऊच शकत नाही. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांचे नमुने दुसऱ्या केंद्राकडे जातात, असा नियम आहे. आईचाही गेला. मी स्वतः चौकशी केली होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

चादरी धुतल्या. ताईचे तीन फोन आले, घेतले नाहीत.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मऊबाईंनी दार लावून घेतलं आणि रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. मी तो परत सरकवला.

कसं झालं ते अगदी सोपं आहे. नियमाप्रमाणे आईचा नमुना तिकडे गेला. तिकडे त्याला त्यांचा नंबर मिळाला, आणि तो त्यांच्यासाठी इतर नमुन्यांसारखाच एक झाला. अदलाबदलीची वेळ आली तेव्हा त्यांनी डोळे झाकून काही तुकडे काढले, नवे नंबर घातले आणि पाठवले. कोणी काहीच चुकलं नाही. प्रत्येकाने आपापला नियम पाळला आणि आई पत्ता बरोबर शोधत माझ्या टेबलावर आली. तिला सुटसुटीत रस्ते कधीच आवडले नाहीत. दानाच्या कागदावर सही करताना म्हणाली होती, "भंगारवाले तरी दारातून हाक मारतात, तुम्ही थेट आत येताय." आणि मग, "डोकं तूच तपास गं माझं. जिवंतपणी तर तू कधी माझ्या डोक्याचं ऐकलं नाहीस."

"तुम्हाला कधी कळलं?" मी मऊबाईंना विचारलं.

"तू पुन्हा विचारा म्हणून लिहिलंस ना, तेव्हा तिकडच्या बाईंचा फोन आला. माहिती देणारी मुलगी कोण, ते नाव ऐकलं. मी त्यांना म्हटलं, थोडं थांबा."

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? झोपेत गेली नाही म्हणून सांगू?"

मी उठले. दाराशी त्या म्हणाल्या, "तुझ्या ताईला ओरडू नकोस."

मी आयुष्यात कोणावर ओरडलेले नाही. लोक गैरसमज करून घेतात.

२५ फेब्रुवारी, बुधवार

भोंग्याला कळवणं भाग होतं. कळवलं. त्याचा चेहरा दोन टप्प्यांत बदलला. आधी दुःख, ते त्याला जमतं. मग प्रकाश.

"अगं, मग प्रश्नच मिटला! कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाचा नमुना. नियमानेच बाद. तुला कारण हवं होतं ना? हे घे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

आणि हेच खरं आहे. नियम मला पाठ आहे. ती माझी आई आहे म्हणून तिचं म्हणणं मोजता येणार नाही. लाल ठिपका पुसायचा, पेपर जाऊ द्यायचा. एका गोष्टीसाठी मी दहा दिवस भांडले, तीच गोष्ट आईने येऊन माझ्या हातून काढून घेतली. शिवाय मला कायमची नोकरी देऊन. तिच्या सगळ्या भेटवस्तू अशाच असायच्या, मापात एक नंबर चुकलेल्या.

"तू दोन दिवस रजा घे," भोंगा म्हणाला. "मला समजतं. माझी आई पण..."

मी ऐकलं नाही. त्याची आई पण झोपेतच गेली असणार.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

रजा घेतली नाही. तिकडच्या केंद्राला लिहिलं. मूळ ऊती तुमच्याकडे आहे, तुमच्याकडे माझं कोणी नाही, तुमच्याकडे ती बाद होत नाही. तुम्ही तुमच्या यंत्रावर मोजा. आणि माहिती देणाऱ्या मुलीला तुम्ही विचारा. थांबू नका. प्रश्नावली नेहमीचीच: ताप, श्वास, किती वेळ, शुद्ध होती का. उत्तर एक असेल तर ते प्रमुखांना तुमच्या नावाने कळवा.

आलेखवाल्याने पत्र वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाला, "उत्तर तर तुला माहीत आहे. मग ताईला कशाला मध्ये आणतेस?"

मी म्हटलं, मोजमाप आणि माहिती दोन्ही जुळल्याशिवाय खूण बदलता येत नाही.

"तेवढंच?"

"तेवढंच."

८ मार्च, रविवार

ते लोक सुट्टीच्या दिवशी फोन करतात, कारण तेव्हा माणसं घरी सापडतात. मी आधीच ताईकडे गेले. आमच्याकडे एकवार बघून भाऊजी चपला घालू लागले. "तुम्ही दोघी एका खोलीत गप्प बसलात की मला बाहेरची कामं आठवतात."

मी ताईला सांगितलं, आईच्या दानाबद्दल एक फोन येईल.

"आता काय राहिलंय त्यांचं?"

"प्रश्न विचारतील. ताप होता का, श्वास लागला होता का, किती वेळ. जे झालं ते सांग."

ताई भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. "काय झालं ते सांगितलंय की मी तुला."

"मला नाही. त्यांना सांग. ते माझ्यापर्यंत काही पोचवत नाहीत. मला फक्त आकडा येतो. एक नाहीतर शून्य."

"तुला आकडा येतो," ताई म्हणाली. "आणि माझ्याकडे काय राहतं?"

 एवढ्यात फोन वाजला. ताई तो घेऊन आईच्या खोलीत गेली. दार लोटलं, पण ते दार कधीच नीट लागत नाही. मी स्वयंपाकघरात होते.

सुरुवातीला नुसतं हो, हो. मग, "हो, ताप होता. आदल्या सकाळपासून." मग, "दवाखान्यात नेते म्हटलं, तर नाही म्हणाली. हात धरून ठेवला माझा." मग, "शुद्धीत होती. शेवटपर्यंत. बोलत होती, हो, मध्येमध्ये." मग, "बहिणीला कळवू नको म्हणाली. तिचं भाषण होऊ दे. तिला सांग, झोपेत..." आणि मग, "आणखी काय बोलली म्हणजे..."

मी नळ सोडला. ओट्यावरची भांडी घासलेली होती. ती पुन्हा घासली. नळाला पाणी चांगलं होतं.

ताई बाहेर आली तेव्हा मी पातेलं पुसत होते.

"झालं," ती म्हणाली.

"बरं."

"तुला काही विचारायचंय मला?"

"नाही."

"विचार ना गं. आता विचार."

मी पातेलं जागेवर ठेवलं. "आई झोपेत गेली. तू सकाळी चहा घेऊन गेलीस, तेव्हा कळलं."

ताईने फोन टेबलावर ठेवला. मग खुर्चीवर बसली आणि भाजी पुढे ओढली.

"दूध," ती म्हणाली.

"दूध," मी म्हटलं.

मग आम्ही दोघींनी भाजी निवडली. बरीच होती.

१६ मार्च, सोमवार

तिकडून उत्तर आलं. मोजमाप आमच्याशी जुळतं, माहिती मोजमापाशी जुळते. खूण बदलली: एक. लाडकं जनुक विस्मरणाचं नाही हे आता त्यांच्याही कागदावर आहे, त्यामुळे भोंग्याला पेपर परत घ्यावा लागला. त्याचं वाईट वाटणं साधारण जेवणाची सुट्टी संपेपर्यंत टिकलं. दुपारी तो बैठकीत उभा राहून म्हणाला, मला पहिल्यापासूनच शंका होती, मरणाच्या रीतीकडे आपण दुर्लक्ष करता कामा नये. पुढच्या परिषदेत तो यावरच बोलणार आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बघितलं नाही.

माझ्या करारावर बोलणं झालं नाही. जूनला वेळ आहे. आलेखवाल्याने लाल ठिपका निळा केला नाही, म्हणाला, राहू दे, शोभतोय. तो हल्ली माझ्याशी हळू आवाजात बोलतो. त्याला सांगितलं पाहिजे की मी आजारी नाही.

यापुढे ओळखीचा नमुना म्हणून माझं रक्त वापरायचं नाही असं ठरवलं. विकतचं मागवलं आहे, अनोळखी माणसाचं.

नियमाप्रमाणे अदलाबदलीतले उरलेले तुकडे मालक केंद्राला परत पाठवायचे असतात. पेटी आज भरली. यादीतले सगळे तुकडे गेले, एक्केचाळीस सोडून. तो तेवढा फ्रीझरमध्ये, माझ्या खणात आहे. त्यांना कळवलं की या आठवड्यात ड्राय आइस कमी पडला.